माझ्या धडाला पडलेले हार

मूल, सिंदेवाही, चामोर्शी, झालंच तर आलापल्लीच्या पुढपर्यंत कुठल्याही घरात शिरा. भिंतीवर वर्दीतल्या माणसाचा हार घातलेला फोटो दिसला, तर गळ्याच्या वरचा भाग त्या घरचा आणि गळ्याखालचा माझा, असं बिनधास्त समजावं. अशी घरं किती, म्हणाल तर मी शंभर सांगतो. बायको म्हणते सात. खरा आकडा दोघांच्या मधे कुठंतरी असेल, आणि बायको मोजण्यात सहसा चुकत नाही.

तरी जिवंतपणी एवढे हार पडलेला माणूस या दोन जिल्ह्यांत दुसरा दाखवा. पुढाऱ्यांना पडतात, पण त्यांचे संध्याकाळपर्यंत उतरतात. माझे पुढच्या सणापर्यंत टिकतात.

मूलच्या बसस्टँडजवळ तीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ होता. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. लोक मला बब्बूभाऊ म्हणत, अजूनही म्हणतात. पोट भरलं ते लग्नांवर आणि शाळेच्या ओळखपत्रांवर, पण नाव झालं ते मेलेल्यांच्या फोटोंनी.

नव्या पोरांना सांगून पटत नाही, पण त्या काळी आमच्याकडं माणूस आयुष्यात दोनदा फोटोत यायचा. एकदा लग्नात आणि एकदा मेल्यावर. मधे कोणाला गरज वाटत नसे. म्हातारा गेला की घरचे जुना लग्नाचा ग्रुप घेऊन येत. म्हातारा तिसऱ्या ओळीत, पुढच्या बाईच्या अंबाड्यामागं अर्धा गडप, डोळे मिटलेले. "याच्यातून काढून द्या जी. मोठा. कोटात." कोट म्हाताऱ्यानं जन्मात घातलेला नसे. पण मेल्यावर माणसाची बढती होते.

काम असं चाले. त्या ग्रुपवर कॅमेरा लावून नुसत्या चेहऱ्याचा फोटो काढायचा. तो हवा तेवढा मोठा छापायचा, बारीक कात्रीनं कापायचा आणि कोटवाल्या दुसऱ्याच माणसाच्या धडावर चिकटवायचा. कॉलरपाशी जोड येतो, तो ब्रशनं असा बुजवायचा की सख्ख्या आईला कळू नये. मिटलेले डोळे उघडायचे, तेही ब्रशनंच. मग त्या चिकटवलेल्याचा पुन्हा फोटो काढायचा, म्हणजे चेहरा आणि धड एका कागदावर एकजीव होतात. शेवटी कापसाच्या बोळ्यानं रंग. माझे जोड पाहून जिल्ह्यातल्या हाडांच्या डॉक्टरनं मला नोकरी देऊ केली होती. नव्हती केली, पण करायला हवी होती.

धडांचा संच टेबलाच्या खणात असे. कोट-टायवालं धड एका लग्नाला आलेल्या जावयाचं. धोतर-पागोट्याचं घरमालकाचं. बायकांसाठी काठाची साडी, डोक्यावरून पदर, हात मांडीवर. ते माझ्या बायकोचं. ती अजून ऐकवते, "आध्या तालुक्याच्या सासवा माह्या मानेवर बसवल्या जी तुमी."

आणि वर्दीचं धड माझं.

मला फौजेत जायचं होतं. चंद्रपूरला भरती होती. धावण्यात मी इतका पुढं निघालो की मागचे निम्मे शर्यत संपली समजून घरी गेले. पण छाती फुगवून मोजली तेव्हा एक इंच कमी भरली. मोजणारा साहेब म्हणाला, "और फुलाओ." मी म्हणालो, "साब, और फुलाया तो फट जाएगी." तो हसला आणि त्यानं माझ्या नावावर काट मारली. तो इंच मला आजतागायत सलतो. रस्त्यानं वर्दीवाला जाताना दिसला की मी त्याच्या छातीकडं पाहतो, इंच मोजतो आणि जळतो.

पुढं फौजेतून रिटायर झालेला एक हवालदार वर्दीत फोटो काढायला आला. वर्दी पोटावर बसेना. शेजारच्या टेलरकडं ती ढिली करायला टाकून तो जेवायला गेला. तो जेवून येईस्तोवर वर्दी माझ्या अंगावर होती. मान ताठ, उजवा हात नक्षीदार खुर्चीच्या पाठीवर, आणि कॅमेऱ्याचं बटण बायकोनं दाबलेलं. फोटो झकास आला, फक्त चेहरा फौजी वाटेना. म्हणून चेहरा कापून टाकला आणि धड खणात ठेवलं.

उजव्या हाताची माझी करंगळी वाकडी आहे. ताडोब्यात अस्वलाशी झटापट झाली तेव्हा मोडली. बायकोच्या मते डार्करूमच्या दारात सापडली. दार अस्वलाच्या रंगाचं होतं, एवढं मी मान्य करतो. फोटोत ती करंगळी खुर्चीच्या पाठीवरून बाहेर निघाली आहे, खोडाला धुमारा फुटावा तशी. ती ब्रशनं सरळ करायला मला दोन मिनिटं लागली असती. केली नाही. एवढ्या धडात माझं म्हणून ओळखू येईल असं तेवढंच होतं.

आता समोरच्या दुकानाबद्दल. नव्वद सालच्या आसपास रस्त्यापलीकडं सुधाकर नावाच्या इसमानं स्टुडिओ टाकला. मागं पडदा, पडद्यावर धबधबा, पुढं काचेचं शोकेस आणि आत दिवसाही जळणारी ट्यूबलाईट. मूलच्या माणसाला सोमनाथचा खराखुरा धबधबा जवळ, तरी लोक सुधाकरच्या कापडी पाण्यापुढं उभे राहायला रांग लावत. त्याचं सगळं रंगीत. रोल नागपूरला जायचा आणि माणसं गोरी होऊन परत यायची. माझी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडताना माझ्याकडं पाहून ओशाळं हसत. अकरा वर्षं मी तो रस्ता ओलांडला नाही. मात्र रोज सकाळी शटर उघडायच्या आधी, तो आलेला नसताना, त्याचं शोकेस पाहून यायचो. म्हणजे ओलांडत होतोच, पण ते मी धरत नाही.

सुधाकरात एक खोट होती आणि ती मी आनंदानं सांगतो. त्याला चेहरे लक्षात राहात नसत. सकाळी ज्याचा फोटो काढला तो दुपारी चहा प्यायला शेजारी बसला तरी हा विचारी, "कोणत्या गावचे?"

सरहद्दीवर लढाई पेटली त्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातला एक जवान गेला. राजू त्याचं नाव. वडील रिटायर शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्याकडं फौजेच्या कागदावरचा राजूचा टिकलीएवढा फोटो होता, हनुवटीवर शिक्का मारलेला. शिक्का मी धुतला, हनुवटी नवी केली, खाली माझं धड दिलं. तो फोटो जीपवर ठेवून मिरवणूक निघाली. एवढी गर्दी की बसस्टँडमधल्या गाड्या दुपारपर्यंत आतच. दुकानांच्या गच्च्यांवर बाया, हातात फुलं. मी माझ्या पायरीवर उभा होतो. ठाणेदारानं जीपसमोर येऊन कडक सलाम ठोकला. कोणाच्या छातीला? भरतीत एक इंच कमी भरलेल्या माझ्या छातीला. आणि लोक नाव घेत होते राजूचं.

मेलेल्या पोरावर जळणारा माणूस मी पहिलाच असेन. लिहायला लाज वाटते.

पुढच्या वर्षी सोमाजी आले. पिंपळबोडीचे ढिवर. गावच्या तलावात जाळं टाकायचं, धानाच्या दोन बांध्या करायच्या, एवढ्यावर त्यांचं घर. सोबत सून होती, इंदू. सोमाजींचा मुलगा देविदास फौजेत होता आणि आपल्या सरकारनं पाठवलेल्या शांतिसेनेतून आफ्रिकेत गेला होता, दुसऱ्याच्या देशातली भांडणं थांबवायला. तिथंच गोळी लागली. गावात पेटी आली. उघडायची नाही, असा हुकूम होता. बाहेर नाव लिहिलं होतं, ते वाचून तलावाच्या पाळीवर अग्नी दिला.

सोमाजींनी लग्नातला ग्रुप टेबलावर ठेवला. "बब्बूभाऊ, गुरुजीच्या पोराचा जसा केला न, तसा करा." मग थांबून म्हणाले, "नाई. तसा नाई. त्याच्याहून एक बोट मोठा."

पंधरा ऑगस्टला तहसीलच्या मैदानावर झेंडा होई तेव्हा एक रीत पडली होती. पुढच्या ओळीत खुर्चीवर पांढरा कपडा टाकून त्यावर शहिदाचा फोटो ठेवायचा, शेजारी घरच्यांना बसवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं. आदल्या वर्षी गुरुजींसाठी एक खुर्ची होती. सोमाजींना दुसरी हवी होती, आणि त्यासाठी ते सहा महिने कचेरीत खेटे घालत होते. तिथला बाबू म्हणे, "आमच्याकडं लढाईत गेलेल्यांची यादी आहे. परदेशात गेलेल्यांची नाही. ते भांडण आपलं नव्हतं न बाप्पा."

"मंग तुमी काय म्हटलं?" मी विचारलं.

"म्या म्हटलं, भांडण परक्याचं होतं साहेब, गोळी तं खरी होती न? गुरुजीच्या पोरासाठी रस्ते बंद केले. माह्या पोराचं मरण काय उसनं हाय?"

शेवटी बाबू कंटाळला किंवा शरमला, दुसरी खुर्ची मंजूर झाली. आता फोटो हवा होता. पलटणीला पत्र टाकलं होतं, पण झेंडा दहा दिवसांवर आला होता.

इंदू पुढं सरकली. ती म्हणाली, "तिकडं जायाच्या आंधी सुटीवर आले होते न जी, तवा मूलले फोटो काढला म्हणे त्यायनं. अख्खा. नवी निळी टोपी भेटली होती, ते घालून. मंग घाईघाईत गेले, घ्याचा राह्यला. तुमच्याच इथी काढला असन?"

इथं मला खरं सांगायला पाहिजे, आणि सांगतो. तो फोटो मी पाहिला होता. सुधाकरच्या शोकेसमध्ये दोन महिने होता. धबधब्यापुढं वर्दीतला पोरगा, डोक्यावर तिरपी निळी टोपी. ग्रुपमधला चेहरा पाहिल्याबरोबर मी ओळखला. दिवाळीत सुधाकरनं शोकेस बदललं आणि तो फोटो आत गेला. ज्याला चेहरे आठवत नाहीत त्याला हा पिंपळबोडीचा देविदास, हे कळायचं कारणच नव्हतं. मूलमध्ये ते एकट्या मला माहीत होतं.

एक वाक्य बोलायचं होतं. रस्त्यापलीकडं बोट दाखवायचं होतं. पण मेलेल्यांचं गिऱ्हाईक ही मूलमध्ये माझी एकट्याची जागा होती. जिवंत सगळे त्यानं नेले होते. आता मेलेलेही मीच उठून पोचवू?

"माझ्याकडं नाही काढला, बाई," मी म्हणालो. "आणि मूलमध्ये फौजी फोटो काढणारा दुसरा आहेच कोण?"

धड खणातून काढलं. चेहरा ग्रुपमधून घेतला, हळद पुसली, मुंडावळ्या काढल्या. टोपी ब्रशनं रंगवली. कसा निळा, ते ठाऊक नव्हतं. इंदूला विचारलं तर ती म्हणाली, "आभायासारखा." माझ्याकडं निळा एकच होता, कृष्णाच्या तसबिरींना लावायचो तो. तोच टोपीला दिला. फोटो राजूच्या फोटोपेक्षा बरोबर एक बोट मोठा केला.

सोमाजी खूश झाले. पटक्याच्या टोकानं काच पुसत म्हणाले, "आता पाहू म्हणा गुरुजीले." इंदू मात्र फोटोच्या खालच्या भागाकडं पाहात होती.

"त्यायची करंगळी अशी नोती जी."

"फौजेत होतं असं, बाई. बंदूक धरून धरून."

तिनं मान हलवली. बंदुकीबद्दल तिला काय माहीत, आणि मला तरी काय?

पंधरा ऑगस्टला कार्यक्रमाचे फोटो काढायचं काम मलाच होतं. ते सुधाकरला मिळू नये म्हणून मी महिनाभर आधीपासून कचेरीत चहा पाजत होतो. मैदानात दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर राजू, शेजारी गुरुजी. दुसरीवर देविदास, शेजारी सोमाजी आणि इंदू. आणि त्या क्षणी, माझ्या अकलेची धाव बघा, मला पहिल्यांदा कळलं की दोन वेगळ्या गावांत, दोन वेगळ्या भिंतींवर राहावीत म्हणून केलेली धडं मी एका ओळीत, हातभर अंतरावर मांडून ठेवली आहेत. तीच सुरकुती कोपरावर. तीच नक्षीची खुर्ची. तीच करंगळी, दोनदा.

गुरुजी शिक्षक माणूस. दोन पोरांचे पेपर सारखे निघाले की त्यांची नजर आधी जाते. ते उठले, राजूचा फोटो सरळ करायच्या निमित्तानं वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"सोमाजी, जरा हात पाहा."

सोमाजींनी पाहिलं. "अरे! माह्या पोराले तुमच्या पोराचा हात?"

"राजूचा नाही हा. त्याची करंगळी सरळ होती. हात धरून मी त्याला पाटीवर गिरवायला शिकवलंय." गुरुजींचा आवाज अगदी खाली गेला. "वर्षभर मला वाटत होतं, तिकडं बोट मोडलं असेल. आईला काळजी नको म्हणून पत्रात लिहिलं नसेल पोरानं."

मग त्यांनी मान वर केली. समोर मी, कॅमेरा डोळ्याला लावलेला. अख्ख्या मैदानात वाकडी करंगळी एकच होती आणि ती बटणाच्या शेजारी आकाशाकडं तोंड करून उभी होती. मी ती मुडपायचा प्रयत्न केला. तीस वर्षांत मुडपली नव्हती, तेव्हा काय मुडपणार?

सोमाजी माझ्यासमोर आले. मला ते नेहमी बब्बूभाऊ, तुम्ही, असं म्हणत. "म्हंजे म्या सहा महिने कचेरीच्या पायऱ्या चढलो, ते तुह्यासाठी? हे खुर्ची तुही होय?"

इंदू बसूनच होती. तिनं विचारलं, "मंग त्यायचं काय हाय याच्यात?"

"चेहरा, बाई."

"चेहरा तं माह्यापाशी होताच. लग्नातला."

मला गोष्टी रचता येतात. त्या घटकेला एकही सुचली नाही. तोंडातून निघालं ते असं: "पूर्ण फोटो आहे, बाई. निळ्या टोपीतला. समोरच्या सुधाकरकडं. मी पाहिला होता."

"पाह्यला होता?" सोमाजी म्हणाले.

त्यांनी मारलं असतं तर मी ही हकीकत आज हसत सांगितली असती, दोन दात जास्तीचे पाडून. त्यांनी मारलं नाही. खुर्चीवरून फोटो उचलला, माझ्या हातात दिला. "तुमचा तुमी ठेवा."

झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं. दुसऱ्या खुर्चीवर फोटो नव्हता. नुसत्या पांढऱ्या कपड्यावर शाल आणि नारळ ठेवून तहसीलदार साहेबांनी हात जोडले. माझ्या रोलमध्ये त्या दिवसाचा एकही फोटो नाही.

त्याच दुपारी, दुकान उघडं असताना, चारचौघांच्या देखत मी रस्ता ओलांडला. सुधाकर स्टुलावर बसून चिवडा खात होता. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, खूश होईल.

तो म्हणाला, "भाऊ, एक विचारू? मेल्यावर लोक माह्याकडं काऊन येत नाई?"

"म्हणजे?"

"माह्याकडं हसाले येतात. रडाचं असलं का तुमच्याकडं जातात. अकरा वर्षं झाली पाहून राह्यलो इथून. एक बाई येत नाई का, सुधाकरभाऊ, आमच्या बुढ्याचा करून द्या म्हणून. तुमच्या पायरीवर बसून डोळे पुसतात अन् चहा पितात. मले वाटते, याच्यात असं काय हाय?"

म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी अकरा वर्षं धूर निघत होता.

त्याच्या निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यांत होत्या. सतरा डबे, वर नाव नाही, साल नाही. तीन दिवस आम्ही दोघं खिडकीशी बसून एकेक पट्टी उजेडात धरत होतो. त्याला सरळ चेहरे ओळखू येत नव्हते, तिथं उलटे कुठून येणार? तिसऱ्या दिवशी मला सापडला. निगेटिव्हमध्ये पाणी काळं, चेहरा काळा आणि टोपी नारिंगी, पण तोच.

"हा!" सुधाकर म्हणाला. "याचं ध्यानात हाय मले. चेहरा नाई, बोलणं. म्या म्हटलं हलू नको, तं मले विचारते, या धबधब्याखाली मासे कोणते भेटतात? म्या हासलो, तोबी हासला, तेवढ्यात बटण दाबल्या गेलं."

ती पट्टी नागपूरला गेली, मोठा फोटो होऊन आली. मी त्यात पाच चुका काढल्या. उजेड डावीकडून फार. पडद्याची घडी खांद्यातून निघालेली. टोपीची सावली एका डोळ्यावर. बुटांची टोकं कापलेली. आणि शहीद माणूस दात दाखवत हसतो आहे, हे कुठल्या कायद्यात बसतं? पाच चुका, आणि तरी माझ्या तीस वर्षांच्या सगळ्या कामात मला इतका चांगला फोटो काढता आला नव्हता. त्यात मी कुठंच नव्हतो. सुधाकरचा मला त्या दिवशी आला तसा राग आयुष्यात आला नाही.

फोटो घेऊन पिंपळबोडीला मीच गेलो. सुधाकर म्हणाला, "तुमीच जा भाऊ, मले रडाच्या घरी बोलता येत नाई." सोमाजी पाळीवर जाळं वाळत घालत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि जाळंच झटकत राहिले. इंदूनं दारातच फोटो घेतला. आधी चेहरा पाहिला नाही, हात पाहिला. उजव्या तर्जनीवर आडवा वळ होता, लहानपणापासून जाळ्याची दोरी ओढून पडलेला. तिनं काचेवरून त्या वळावर बोट फिरवलं.

"हासून काऊन राह्यले?"

मी माशांचं सांगितलं. ती पदर तोंडावर घेऊन हसली, आणि हसता हसता तिचे खांदे हलायला लागले. मग मी पाळीकडं निघून गेलो. सोमाजींनी जाळ्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. धरून उभा राहिलो.

सव्वीस जानेवारीच्या झेंड्यालाही त्या दोन खुर्च्या मांडल्या, तेव्हा सोमाजी मैदानावर आले ते ताठ मानेनं. काखेत टॉवेलात गुंडाळलेला फोटो. मला म्हणाले, "आता पाहू म्हणा गुरुजीले." इंदू म्हणाली होती, घरचा बाहेर नेऊ नका, पण त्यांनी ऐकलं नव्हतं. फोटो एक बोट मोठा नव्हता, उलट लहान होता. पण अख्खा होता.

गुरुजी आधीच येऊन बसले होते. खुर्चीवर राजूचा फोटो तोच. दुसरा कुठून आणणार? या वेळी त्यांनी झेंडूचा हार खाली, आडवा घातला होता. खुर्चीची पाठ, हात आणि करंगळी, सगळं त्याखाली झाकलेलं.

सोमाजींनी टॉवेल सोडला. गुरुजी म्हणाले, "जरा पाहू."

त्यांनी तो मांडीवर घेतला. चष्मा काढला, पुसला, लावला. तर्जनीचा वळ पाहिला, टोपी पाहिली, हसू पाहिलं. या माणसाच्या पोरासाठी रस्ते बंद झाले होते, दुकानांच्या गच्च्यांवरून फुलं पडली होती. सोमाजी वर्षभर याच्यावर जळत होते. जळण्यातला मी जुना जाणकार आहे, म्हणून सांगतो, गुरुजींच्या डोळ्यांत त्या वेळी जे होतं ते माझ्या चांगल्या ओळखीचं होतं.

"तुमचा पूर्ण आहे हो," ते म्हणाले.

सोमाजींनी फोटो परत घेतला. खुर्चीवर ठेवायला वाकले आणि थांबले. एकदा झेंडूच्या हाराकडं पाहिलं. मग फोटो पुन्हा टॉवेलात गुंडाळला, चारी टोकं नीट आत खोचून.

"बब्बूभाऊ, तो पह्यलावाला कुठी हाय?"

"दुकानात."

"घेऊन या. धावा."

मी धावलो. भरतीत धावलो होतो त्याहून जोरात, आणि या वेळी मागं कोणी नव्हतं तरी. निळ्या कृष्णाच्या टोपीचा फोटो आणून दिला. सोमाजींनी तो दुसऱ्या खुर्चीवर ठेवला, राजूच्या शेजारी. तीच सुरकुती, तीच खुर्ची, तीच करंगळी. गुरुजींनी दोन्हीकडं पाहिलं. मग त्यांनी झेंडूचा हार उचलून राजूच्या गळ्यात, वर, नेहमीच्या जागी घातला.

झेंडा झाल्यावर दोघं बाकावर बसले. टॉवेलातला फोटो पुन्हा निघाला होता, गुरुजींच्या मांडीवर. गुरुजी विचारत होते, पोहायला किती वर्षांचा असताना शिकला? सोमाजी सांगत होते, शिकवला नाही, पडला अन् पोहला. मग राजूचं निघालं, पाण्याला कसा भ्यायचा ते. मी कॅमेरा घेऊन समोर उभा. मला सांगायला त्यांच्यासारखं काही नव्हतं आणि बस असंही कोणी म्हणत नव्हतं.

सोमाजींनी वर पाहिलं.

"सरका जरा, गुरुजी," ते म्हणाले. "याले बी बसू द्या. अर्धा तं हाच हाय तिथी."